माळेची भाकरी

पौषातल्या एका मंगळवारी सकाळी माझी बायको शिवकांता वारली. त्याच दिवशी दुपारी नांदेडहून फोन आला. तिची माळ प्रदर्शनासाठी निवडली गेली होती.

फोन करणाऱ्या मुलीने अभिनंदन केले. मी आभार मानले. अंगणात माणसे जमली होती, विभूतीची ताटली सापडत नव्हती, त्यात तिला काय सांगायचे ते सुचेना, म्हणून काहीच सांगितले नाही. पुढे सांगितले तेव्हा ती म्हणाली की मग तर ही माळ यायलाच हवी. प्रदर्शन मराठवाड्यातल्या उदयोन्मुख दागिने-कलाकारांचे होते. शिवकांता अडुसष्ट वर्षांची होती. उगवायला वयाची अट नसते हे मला ठाऊक होते. जिवंत असण्याचीही नसते, हे नव्याने कळले.

महिन्याभराने त्यांची गाडी लातूरला आली आणि माळ घेऊन गेली. त्या दिवसांत कोणी काही मागितले की मी देऊन टाकत असे. शेजाऱ्यांनी शिडी नेली, ती अजून परत आलेली नाही. माळ गेल्यावर आठ-दहा दिवसांनी परातीकडे बघताना माझ्या लक्षात आले की माळेची भाकरी राहिली आहे.

हे समजावून सांगावे लागेल. शिवकांता मुलींच्या शाळेत कार्यानुभव शिकवायची. निवृत्तीनंतर तिने तांब्याच्या तारेचे दागिने करायला घेतले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटारी भरण्याचे दुकान आहे (जळालेल्या पाण्याच्या मोटारीतली तार काढून नवी गुंडाळतात, त्याला मोटार भरणे म्हणतात). लातूरला जळक्या मोटारींचा तुटवडा कधी पडला नाही. पाणी संपले तरी त्या बिचाऱ्या चालूच असतात. ती जळकी तार शिवकांता घरी आणायची, चिंच-मिठाने घासायची आणि टीव्हीवरची मालिका बघत वळायची. तांबे विस्तवाशिवाय वळते, त्यामुळे मालिकेचा भाग चुकत नाही, हे तिच्या लेखी त्या धातूचे मोठे मोल होते.

दागिना तयार झाला की त्याची परीक्षा व्हायची. शेजारची एखादी बाई तो गळ्यात घालून ज्वारीचे पीठ मळायची आणि एक भाकरी थापायची. दागिना पिठाला लागला नाही तर पास, लागला तर नापास. कामाला बसताना जे काढून ठेवावे लागते ते बाईला घालायला मिळणार कधी, असे शिवकांताचे म्हणणे होते. पास झालेला दागिना विकायला जायचा. नापास झालेला परीक्षा घेणाऱ्या बाईचा.

या शेवटच्या नियमामुळे वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू गयाबाई आमच्याकडे कायमच्या परीक्षक झाल्या. पीठ मळताना त्या इतक्या वाकत की परातीत त्यांचे काही हरवले असावे. "गया, सरळ बस," शिवकांता म्हणायची. "सरळच बसले की ताई. माझा कणाच असा हाय," असे उत्तर यायचे आणि आणखी एक माळ वरच्या मजल्यावर जायची. दोन वर्षांपूर्वी गयाबाईंच्या मुलाला किनवटकडे नोकरी लागली आणि त्याही तिकडे गेल्या. तिथे एका निवासी शाळेच्या वसतिगृहात त्या स्वयंपाक करतात. त्यांच्यानंतर गल्लीतल्या इतर बायकांनी परीक्षा घेतल्या, पण त्या सगळेच दागिने पास करत. शिवकांताला त्यात राम वाटत नसे.

शेवटची माळ तिने आजारपणात केली. फोटो भाचीकडून नांदेडला पाठवला आणि भाकरी बरी झाल्यावर करू म्हणाली. परीक्षा न झालेला दागिना तिने आयुष्यात कोणाला दिला नव्हता. आता तो तिच्या नावाने काचेत बसणार होता. मी पिशवी भरली आणि नांदेडची एसटी पकडली.

अहमदपूरला गाडी थांबली. स्थानकाबाहेर सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तिखट प्रकार) खाल्ली. ती गरम होती असे टपरीवाल्याचे म्हणणे होते. तिथून माझ्या शेजारी डाळींचे एक व्यापारी बसले. कपाळावर ठसठशीत विभूती, म्हणजे आमच्यापैकीच. त्यांनी कुठे, कशाला, कोणाकडे अशी रीतसर चौकशी केली. दागिन्यांच्या प्रदर्शनाला निघालो म्हटल्यावर ते सरसावून बसले आणि सोन्याचा भाव काढला. मी सांगितले की दागिने तांब्याचे आहेत. ते थोडे मागे टेकले. मोटारीच्या तारेचे, म्हटल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चालायचंच," ते म्हणाले. "माणूस पोटासाठी काय काय करून राहिला."

लोह्यापर्यंत त्यांनी मला दोनदा केळे देऊ केले.

नांदेडला प्रदर्शन एका जुन्या कापड-दुकानाच्या वरच्या दालनात होते. उद्घाटनाला अजून काही दिवस होते. फोनवरची मुलगी तिथे भेटली. तिचे नाव अन्विता. मूळची नांदेडचीच, पुण्यात कलेचे शिक्षण घेऊन परतलेली, आणि आल्यापासून गावाला जागे करण्याच्या खटपटीत असलेली. गाव बाहेर हॉर्न वाजवत होते, त्यावरून ते बऱ्यापैकी जागे असावे. अन्विता मला पाहून उठली, तिने माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि तिचे डोळे खरोखर भरले. पुढे जे काही लिहिणार आहे ते हे लक्षात ठेवून वाचावे.

दालनात काचेच्या पेट्या आणि प्रत्येक पेटीपाशी एक कार्ड. कार्डावर वर नाव, खाली "प्रेरणा". मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो; आयुष्यभर कार्डेच लिहिली. त्यांवर पुस्तकाचे नाव, लेखक आणि कपाट एवढेच असे. पुस्तकाला आतून काय वाटते ते लिहायची पद्धत नव्हती. इथे मात्र प्रत्येक बाळीला काही तरी वाटत होते. ज्वारीची कणसे पारदर्शक रेझिनमध्ये गोठवून केलेल्या डुलांना "मातीची आर्त हाक" ऐकू येत होती. टंकलेखन यंत्राच्या कळांचे कडे "न लिहिलेल्या पत्रांबद्दल" होते. एका नथीची प्रेरणा "मौन" होती आणि ते मौन दीड परिच्छेद चालले होते. बहुतेक कार्डांत आजी होती. मराठवाड्यातल्या इतक्या आज्या इतक्या वर्षांपासून नव्या पिढीला सतत काही देत होत्या, आणि मला वाटत होते की त्या झोपल्या आहेत.

दागिने मात्र, खरे सांगतो, चांगले होते. एका पेटीत काचेच्या बांगड्यांच्या तुकड्यांच्या अंगठ्या होत्या. हिरवी काच, कड घासून इतकी मऊ केलेली की बोटाला पाण्यासारखी वाटावी. करणारी मुलगी तिथेच पेटी पुसत होती. लावण्या, देगलूरची. कार्डावर लिहिले होते, "स्त्रीच्या तुटलेपणातून उमललेले अखंडत्व". मी कार्ड वाचतो आहे हे पाहून ती हसली.

"ते ताईंनी लिहिलंय, सर. आमचं बांगड्यांचं दुकान हाय. गाडीतून माल उतरवताना पेटीत रोज फुटतात. आई म्हणे, फेकू नको, पाय कापंल कुणाचा. म्हणून घासत बसले."

मी विचारले, मग हेच का लिहिले नाही.

"लिहिलं होतं," ती म्हणाली. "ताई म्हणाल्या, हे माहिती हाय, प्रेरणा न्हाई."

शिवकांताची माळ मधल्या खांबाजवळ होती, काळ्या मखमलीच्या गळ्यावर. त्या गळ्याला डोके नव्हते. तांब्याच्या बारीक कड्या, मधे मधे वळलेल्या तारेचे मणी, आणि खाली ठोकून केलेले अर्धचंद्राचे पदक. पदकाच्या कडेला कानवल्याची (करंजीची) मुरड होती. ही मुरड ती सगळ्याच पदकांना घालायची, कारण कापलेला पत्रा गळ्याला टोचतो आणि पदराचे सूत ओढतो.

कार्ड असे होते: "जळालेली मोटार: दुष्काळाचा हुंकार. मुरड: मनात घडी घालून ठेवलेल्या इच्छा. कलावतीच्या आधीच्या माळा आखूड, गळ्याशी आवळलेल्या. ही शेवटची माळ मात्र लांब. गळचेपीकडून मुक्तीकडे घेतलेली झेप."

दुष्काळ आणि इच्छा मी सोडून दिल्या. पण माळ लांब होती हे खरे होते. घरात असताना माझ्या ते ध्यानात आले नव्हते. तिच्या बाकीच्या माळा गळ्याच्या खोबणीच्या थोड्या खाली संपत. पिठापासून लांब राहायचे तर तेवढेच अंतर मिळते. ही त्याहून चांगली चार बोटे उतरत होती. तीस-चाळीस माळा अचूक केलेल्या बाईने ही अशी का केली, ते मला कळेना. मुक्तीची झेप घ्यायची असती तर तिने ती मला सांगून घेतली असती. जिना उतरतानाही ती सांगून उतरायची.

मी अन्विताला म्हटले की माळ दोन दिवसांसाठी हवी आहे. तिने नकारार्थी मान हलवली. पेट्या बंद झाल्या आहेत, छायाचित्रे निघाली आहेत, आता वस्तू हलवता येत नाही. तिचे बरोबरच होते. परीक्षा हा शब्द वापरला तर ती आणखी घाबरेल असे वाटले, म्हणून मी जे खरे तेच म्हणालो.

"हिची भाकरी राहिली आहे."

अन्विताचा चेहरा बदलला. तिने आवाज खाली आणला.

"विधी आहे का हा, काका?"

मी जरा विचार केला. ठरलेली रीत होती, ठरलेली बाई होती, ज्वारी होती, आणि झाल्याशिवाय मोकळे होता येत नव्हते. "तसे म्हटले तरी चालेल," मी म्हणालो.

परीक्षेसाठी न उघडलेली पेटी विधीसाठी लगेच उघडली. तिने पांढरे हातमोजे घालून माळ काढली आणि एका मखमली डबीत ठेवली. चित्रीकरण करता येईल का, असे फार संकोचाने विचारले. मी सांगितले की ते किनवटला आहे. ती म्हणाली, हो, तिकडे जंगलात हे सगळे अजून जिवंत असेल ना. गयाबाई लातूरच्या औसा रोडवर वाढल्या आणि त्यांच्या मालिका शिवकांतापेक्षा दोन जास्त होत्या, हे मी सांगितले नाही. दार लावताना लावण्या मात्र हळूच म्हणाली, "सर, भाकरी म्हणजे खरंच भाकरी ना?" मी हो म्हटले. तिला सगळे सांगितले तेव्हा तिने आपल्या बोटांकडे पाहिले आणि म्हणाली की अंगठ्यांची पण घ्यायला पाहिजे, पीठ अडकत असंल.

संध्याकाळी गुरुद्वाऱ्यात लंगरला गेलो. रांगेत मांडी घालून बसलो, दोन्ही हात पुढे केले, त्यांत रोटी पडली. डाळ वाढणाऱ्या म्हाताऱ्या सरदारजींनी माझ्याकडे न बघता आणखी एक पळी घातली. दिवसभरात पहिल्यांदाच कोणी माझ्याशी हळू आवाजात बोलले नाही. पोटभर जेवलो.

सकाळी किनवटच्या गाडीला बसलो. मखमली डबी पिशवीत मावत नव्हती, म्हणून माळ रुमालात गुंडाळून जेवणाच्या डब्याच्या वरच्या पुडात ठेवली. खालच्या पुडात खाणावळीतल्या दशम्या आणि लिंबाचे लोणचे. ही व्यवस्था मला त्या वेळी हुशारीची वाटली. भोकरला गर्दी चढली. एक बाई गाठोडे घेऊन समोर बसल्या आणि गाठोड्याला जागा करताना माझा डबा त्यांनी आडवा ठेवला. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. हिमायतनगरच्या पुढे वास आला.

डबा उघडला तर रुमाल पिवळा झालेला आणि पदकाच्या एका टोकाला लोणच्याचा खार. मी बहुधा काही तरी म्हणालो असेन, कारण बाई म्हणाल्या, "लोणचं हाय बाबा, रगत न्हाई." मग त्यांनी माळ माझ्या हातातून घेतली आणि पदराने पुसू लागल्या.

"कुणाची हो?"

"बायकोची."

"मंग डब्यात कामून?"

"ती नाही आता."

बाई माळेची एकेक कडी पुसत राहिल्या, अगदी किनवट येईपर्यंत. उतरताना माळ परत देत म्हणाल्या की टोकाला चकाकी आली आहे, तेवढं बरंच झालं. खारामुळे पदकाचे एक टोक नव्या पैशासारखे लाल झाले होते. बाकी सगळा जुना काळपट रंग, जो अन्विताने हातमोजे घालून सांभाळला होता.

किनवटच्या बाहेर सागाची पाने गळून गेली होती आणि पळस फुलला होता. रानभर इतका लाल रंग, आणि एकाही झाडापाशी कार्ड नव्हते. रिक्षावाल्याने वसतिगृहाच्या फाटकाशी सोडले. मागच्या बाजूला दोन खोल्यांचे घर होते, त्याच्या दारात गयाबाई तूर पाखडत होत्या.

मला पाहून त्यांनी सूप खाली ठेवले. डोक्यावर पदर घेतला, आत जाऊन पाणी आणले, मी पिईपर्यंत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मातीला येता आलं न्हाई, दाजी. शंभर पोरींचं जेवण. कुणावर टाकावं?"

मी म्हटले, मला माहीत आहे.

"ताईनं काय म्हणलं असंल मला."

मी सांगितले की शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली होती, गया असती तर ही माळ नक्की नापास केली असती. गयाबाई खुदकन हसल्या आणि मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ पदराने डोळे टिपत राहिल्या.

मी माळ काढून दिली. लोणच्याचीही हकीकत सांगितली, कारण वासावरून त्यांना कळलेच होते. "ताई चिंचेनं घासायची. तुमी लोणच्यानं," त्या म्हणाल्या. "घरात आता तुमीच स्वयंपाक करून राहिले वाटतं." मग येण्याचे कारण सांगितले: भाकरी राहिली आहे, त्याशिवाय माळ पुरी झाली असे तिने धरले नसते, आणि पुरी न झालेली वस्तू तिच्या नावाने मांडू द्यायची नाही. गयाबाईंनी माळ दोन्ही हातांवर तोलली. एवढेच म्हणाल्या, "माझ्याकडंच आणली ना. बरं केलं."

त्यांनी पाण्याचे आधण ठेवले. डब्यातून ज्वारीचे पीठ काढून परातीत घेतले. हात धुतले, माळ गळ्यात घातली, आणि भिंतीवरच्या आरशात एकदा पाहिले. हे नियमात नव्हते, पण लातूरलाही त्या करायच्या. मग पाटावर बसल्या.

आणि सरळ बसल्या. इतकी वर्षे ज्या बाईंचा कणा वाकडा होता, त्या शाळा-तपासणीला साहेब आल्यासारख्या ताठ झाल्या. परात लांब सरकवली, हात पुरे ताणून पीठ मळू लागल्या. मान मागे, हनुवटी वर. असे कोणी पीठ मळत नाही. असे मळून एका भाकरीतच पाठ मोडेल. मी दाराशी स्टुलावर बसून बघत होतो आणि मला तेव्हा समजले की त्या काय करत आहेत.

पीठ मळताना शेवटी अंगाचा भार तळहातावर द्यावाच लागतो, नाही तर भाकरी चिरते. गयाबाईंनी भार दिला. पदक पुढे झुलले, आणि चकाकलेले टोक पिठाला लागले. त्यांनी चटकन डावा हात वर घेतला, पदक पदराखाली सारले, आणि उरलेले पीठ एका हाताने मळले. भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवले. सगळे अगदी शांतपणे.

"पास हाय, दाजी," तव्याकडे बघत त्या म्हणाल्या.

"पीठ लागलंय, गयाबाई."

"ते आधीचं हाय."

"आधी लोणचं होतं."

त्यांनी भाकरी उलटली. मग म्हणाल्या, "जलमभर मी वाकून वाकून ताईला नापास केलं. तिला समजत होतं, तरी द्यायची. आज एक डाव सरळ बसले तर बसू द्या की."

मी पदराखालून डोकावणाऱ्या त्या पदकाकडे बघत होतो. माळ एवढी लांब का, ते आता माझ्यासमोर होते. शिवकांता प्रत्येक माळेची लांबी स्वतःच्या गळ्यावर मापायची, आरशासमोर बसून, थोडे पुढे झुकून. शेवटच्या हिवाळ्यात तिला बसता येत नव्हते. उशांना टेकून ती कड्या जोडायची आणि माळ छातीवर पसरून बघायची. पडलेल्या माणसाच्या अंगावर माळ लोंबत नाही. हवी तेवढी लांब केली तरी जागच्या जागी राहते. ती मापत होती तेव्हा मी शेजारी खुर्चीत वाचत बसलो होतो. माप चुकते आहे हे दोघांनाही कळले नाही. त्या खोलीत कोणी उभे राहून काही करतच नव्हते.

गयाबाईंनी म्हटल्याप्रमाणे पास म्हणणे सोपे होते. माळ नांदेडला गेली असती, काचेत बसली असती, आणि शिवकांताचे शेवटचे काम पुरे झाले असे सगळ्यांनी मानले असते, मीसुद्धा. पण मग जी बाई "गया, सरळ बस" म्हणायची, तिचे काय करायचे?

"नापास," मी म्हणालो.

"ताईची शेवटची नापास करता, दाजी?"

"नियम तिचाच आहे."

तव्यावर भाकरी फुगली. त्यांनी ती चिमट्याने जाळावर धरली, दोन्ही बाजूंनी डाग पडू दिले, आणि माझ्या ताटात टाकली. आंबाडीची भाजी वाढली, तेल सोडले. मग म्हणाल्या, "मंग नियमानं माझी झाली."

"तुमची झाली."

"धा-बारा कड्या काढल्या तर नीट बसंल."

"काढाल?"

त्यांनी पदक हातात घेतले, पिठाचा ठिपका अंगठ्याने पुसला. "न्हाई," त्या म्हणाल्या. "ताईबिगर कोण काढंल. भाकरी करताना काढून ठेवीन, अन् परत घालीन." जी एक गोष्ट टाळण्यासाठी शिवकांताने एवढे नियम केले, तीच करण्याचे त्यांनी मला तोंडावर सांगितले. मला हसू आले. पौषानंतर पहिल्यांदा आले असावे, कारण गाल दुखले.

जेवण झाल्यावर गयाबाईंनी पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला. आत नापास झालेल्या माळा, डुले, एक वाकी. ही माळ वरणात बुडाली होती. या डुलाने कणीक तिंबताना उडी मारली. या वाकीत पीठ असे बसले की सुईने काढावे लागले. एकेक वस्तू काढून त्या कशी नापास झाली ते सांगत होत्या, आणि कोणती खरोखर झाली, कोणती कण्यामुळे, तेही. एवढ्या वस्तू एका जागी मी घरीसुद्धा पाहिल्या नव्हत्या.

परतीला नांदेडला उतरलो. अन्विताला सांगितले की माळ परत येणार नाही, विधीत ती द्यावी लागली. ती रागावेल असे वाटले होते. तिने डोळे मिटले, एक श्वास घेतला, आणि म्हणाली की मग पेटी रिकामीच ठेवू या. तो डोके नसलेला काळा गळा तसाच काचेत ठेवायचा. दुष्काळाचे आणि झेपेचे कार्ड तिने स्वतःच काढले आणि मला कोरे दिले, "काका, प्रेरणा तुम्हीच लिहा." मी बराच वेळ विचार केला. पलंग, उशा, हिवाळा यांबद्दल लिहिता आले असते. मग सवयीने मी वस्तू कुठे मिळेल ते लिहायला लागलो होतो, तेही खोडले. शेवटी एकच शब्द लिहिला: भाकरी.

अन्विताने तो वाचला आणि तिच्या अंगावर काटा आला. तिने मला तो काटा दाखवला.

उद्घाटनाला मी मागे उभा होतो. लोक अंगठ्यांपाशी थांबले, नथीपाशी थांबले, पण सगळ्यात जास्त वेळ त्या रिकाम्या पेटीपाशी. एकजण दुसऱ्याला सांगत होता की भूक अशीच दाखवावी लागते. एका बाईंनी रिकाम्या गळ्याचा फोटो काढला आणि नंतर स्वतःचा त्याच्याशेजारी. शिवकांताचे जे काही आजवर कौतुक झाले असेल त्याहून जास्त त्या तासाभरात झाले, आणि त्यात तिने केलेले काहीच नव्हते. शेवटी धोतर नेसलेले एक आजोबा आले. त्यांनी पेटीच्या चारही बाजूंनी पाहिले आणि मला विचारले, "चोरीला गेली का हो?"

मी म्हटले, नाही, एका बाईंच्या गळ्यात आहे.

"मंग बरं," ते म्हणाले आणि पुढे गेले.

जाताना लावण्या भेटली. तिने चार अंगठ्यांची परीक्षा घेतली होती, तीन नापास. त्या तिने कोणाला दिल्या ते विचारले तर म्हणाली, आईला. आईनेच पीठ मळले होते, आणि तिला त्या पहिल्यापासूनच आवडत होत्या.

लातूरला पोचलो तेव्हा कुलूप गंजल्यासारखे लागले. किल्ली दोनदा फिरवावी लागली. प्रवासाने माणूस बदलतो असे मी ग्रंथालयात बऱ्याच ठिकाणी वाचले आहे. मी गेलो होतो एक माळ पुरी करून आणायला आणि ती नापास करून परत आलो. तिचे काम अर्धे राहिले, याचे मला वाटले होते तेवढे वाईट वाटत नाही. ते कुठे चुकले ते मला माहीत आहे, आणि ते चुकताना मी शेजारी होतो.

आता घरात पक्कड आहे, तारेचे एक भेंडोळे आहे, ठोकायला घ्यायची ती जुनी इस्त्री आहे. परात भिंतीला टेकून आहे. भाकरी मी खाणावळीतून आणतो. माळ किनवटला आहे.